पिवळ्या भुतांचा फौजदार

कुरुंद्यात व्यंकटराव इंगोल्यांना सगळे फौजदार म्हणतात, पण ते पोलिसात कधीच नव्हते. ऐन तरुणपणी एकदा भरतीला गेले होते. उंची बसली, छाती बसली आणि पळताना पाय मुरगळला. परत आले ते लंगडत, पण तोवर मिशा भरतीच्या हिशोबाने वाढवून झाल्या होत्या. त्या काढायचा धीर झाला नाही. मिशांमुळे नाव पडलं आणि नावामुळे मग बाकीचं सगळं करावं लागलं.

कुणाचा बैल उधळला, बोलवा फौजदाराला. लग्नात वऱ्हाड्यांची हमरीतुमरी झाली, बोलवा. चुलीमागे साप निघाला, विहिरीवर भांडण लागलं, मयताजवळ बसायला कुणी तयार नाही, बोलवा. व्यंकटराव यायचे. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हातात तेल पाजलेली काठी. यायचे, उभे राहायचे, मिशीवरून हात फिरवायचे. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागायचं. उन्हाळ्यात हळद उकडून वाळत घातली की शेताशेतांतून राखणीला त्यांनाच सांगणं यायचं. इतकी वर्षं राखण केली, पण चोर कधी आला नाही.

"चोर येत न्हाईत ते काय तुमच्या भेवानं व्हय?" त्यांच्या बायको सुमनबाई म्हणायच्या. "वल्ली हळद वाहून कोन आपली कंबर मोडून घेतंय?"

असं बोलायची मुभा गावात एकट्या सुमनबाईंना होती. कारण फौजदार पालीला भितात हे फक्त त्यांना माहीत होतं. स्वयंपाकघरात पाल दिसली की हा गडी अंगणात, आणि सुमनबाई केरसुणी घेऊन आत. मग बाहेर येऊन मोठ्याने म्हणायच्या, "बरं झालं बाई, तुमी होता." शेजारपाजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून.

सुमनबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा विजयकुमार पुण्यात कंपनीत आहे. रविवारी फोन करतो, "बाबा, बराबर हाय ना?" विचारतो. बाबा म्हणतात, "मला काय धाड भरली?" एवढं झालं की दोघांचंही बोलणं संपतं. पाल आता स्वयंपाकघरात ट्यूबलाइटमागे राहायला आली आहे. व्यंकटराव तिच्याकडे पाठ करून जेवतात.

आणि फडताळात एक डबा आहे.

डबा शेजारच्या पार्वतीबाईंचा. स्टीलचा, कडीचा, झाकणावर कोरलेलं: 'चि. वैष्णवीच्या बारशानिमित्त'. दुःखाचे दिवस होते तोवर चार घरांतून जेवण येत होतं. तेव्हा कुणाचं भांडं कुठे गेलं याचा कुणी विचार करत नाही. तेराव्यानंतर बाकीची घरं थांबली, पार्वतीबाई थांबल्या नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून हा डबा दिला. आत कढी आणि वर ताटलीत भाकरी. व्यंकटरावांनी जेवून डबा राख लावून घासला. सुमनबाई घासायच्या तसाच. पुसून ठेवला आणि मग हातात धरून बराच वेळ उभे राहिले.

शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. सुमनबाई कधी त्यात दोन लिंबं टाकायच्या, कधी मूठभर साखर, काहीच नसलं तर परसातल्या कढीपत्त्याची एक डहाळी. हे सगळं चाललेलं व्यंकटरावांनी जन्मभर पाहिलं होतं, पण घरातल्या बाईचं काम म्हणून पाहिलं होतं. साखरेच्या डब्यात मुंग्या होत्या. कढीपत्त्याच्या झाडाला त्या गडबडीत पाणी घालायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून पावशेर साखर आणली, डब्यात भरली आणि निघाले. निघाले ते पुढच्या दाराने. बाप्यामाणसाने परसदाराने कुणाच्या घरी जायचं नसतं, हेही त्यांनी जन्मभर पाहिलेलं होतं.

पुढच्या ओसरीवर पार्वतीबाईंचा नवरा हरिचंद चार पाहुण्यांना घेऊन बसला होता.

"या फौजदार!" हरिचंद म्हणाला आणि पाहुण्यांना सांगू लागला, "हे आमच्या गावचे वाघ. एकट्यानं दहा लोकांना भारी हायेत. बोला फौजदार, काय काम काढलं?"

वाघाच्या हातात साखरेचा डबा होता. व्यंकटरावांनी तो उपरण्याखाली सरकवला. "काही न्हाई, वांदरं आलती तुमच्या माळवदावर. हाकलली," असं म्हणाले आणि परत आले.

भांडं एक दिवस राहिलं तर विसरलं म्हणतात. महिना राहिलं की लाज वाटायला लागते. पार्वतीबाईंनी भिंतीवरून पुन्हा विचारलं, "भाऊ, कालवण देऊ का?" तर ह्यांच्याकडे अजून पहिला डबाच पडलेला. "जेवलो मी," हे म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा "जेवलो." असं किती दिवस विचारणार? भाऊला आपलं अन्न चालत नाही असं वाटून पार्वतीबाई थांबल्या. डबा त्यांनीही मागितला नाही. ज्या घरातली बाई गेली तिथून आपलं भांडं मागायला कुणाची जीभ रेटते? साखर हळूहळू चहात संपली. डबा फडताळात राहिला. दोन घरांमध्ये भिंत कमरेएवढीच होती, पण दोन्हीकडून कुणी तिच्यावर हात टेकवेनासं झालं.

ह्या चैत्रात त्या भिंतीवर पार्वतीबाईंच्या लेकीने, वैष्णवीने हात टेकवले. बारशाचा डबा जिच्या नावाचा, ती ही. आता वसमतला कॉलेजात जाते आणि मोबाइलवर छोट्या छोट्या फिल्मा करते.

"मामा, पिच्चरमदी काम करता का?"

"कसला पिच्चर?"

"झॉम्बीचा. म्हंजी मेलेली मान्सं उठतात, हात पुढं करून चालतात. ज्याला चावतात तो बी तसाच होतो. पन आपला इनोदी हाय."

"आन मी कोन? मेलेला?"

"तुमी हिरो, मामा! अख्ख्या गावात हिरो दुसरा कोन हाय?"

व्यंकटरावांचा हात मिशीवर गेला. "मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायची गरज न्हाई. तुमी नेहमी करता तसंच करायचं. रोज चार वाजता आमच्या शेतात यायचं."

रोज चार वाजता. व्यंकटरावांची रोजची चारची वेळ म्हणजे चहा उकळून कपात ओतायचा, आणि तो गार होईपर्यंत दाराकडे बघत बसायचं. बघू म्हणाले, पण त्याच रात्री सदऱ्याला इस्त्री केली.

हरिचंदच्या शेतात हळद पॉलिश करायचं काम चालू होतं. ट्रॅक्टरला जोडलेला भला मोठा लोखंडी ढोल गरगर फिरतो, आत वाळलेली हळकुंडं एकमेकांवर घासतात आणि पिवळी धूळ उडते ती अशी की समोरचा माणूस दिसत नाही. पद्माबाईची टोळी कामाला होती. टोळीतले बाया-बाप्ये संध्याकाळी ढोलापासून बाजूला होत, तेव्हा केसांपासून नखांपर्यंत पिवळेजर्द असत. पापण्यासुद्धा पिवळ्या. नुसती बुबुळं काळी. वैष्णवीला पिच्चर सुचला तो ह्यांना बघूनच. रंगरंगोटीचा काही खर्च नाही, भुतं तयार.

पहिल्या दिवशी भुतं हात पुढे करून शेतातून चालत आली. वैष्णवीच्या वर्गातला प्रमोद मोबाइल धरून उलटा उलटा चालत होता. व्यंकटरावांनी काठी आपटली. "खबरदार! एक पाऊल पुढं टाकलं तर एकेकाचा मुडदा पाडीन!"

भुतं तशीच आली. मधोमध पद्माबाई होती. पुढचे दात पडलेली, साठीची, जिभेला हाड नसलेली बाई. ती थांबली आणि म्हणाली, "मुडदाच हावोत की आमी. आता आनिक काय पाडता?"

सगळी भुतं हसून खाली बसली. व्यंकटरावांना कळेना, चुकलं कुणाचं. त्यांना वाटलं, पद्माबाईचं. पण वैष्णवी टाळ्या वाजवत होती. "भारी! पद्मामावशी, हेच ठिवायचं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात पसरून "बायका-लेकरं माझ्या मागं व्हा!" म्हणायचं होतं. म्हणाले आणि मागे वळून बघितलं तर मागे कुणीच नाही. गावकरी झालेल्या बायका केव्हाच पुढे जाऊन उलथन्याने भुतं बडवत होत्या. हिरो आपला रिकाम्या शेताचं रक्षण करत हात पसरून उभा. तिसऱ्या दिवशी मांडी थोपटून त्यांनी आरोळी ठोकायची, आणि त्या आरोळीने झोपलेली भुतंच जागी व्हायची. मग पळायचं, एक चप्पल ढेकळांत, आणि तरी मिशीवर हात.

व्यंकटराव काही खुळे नव्हते. तिसऱ्या दिवशी परतताना त्यांनी वैष्णवीला बांधावर थांबवलं.

"पोरी, खरं सांग. माझी टर उडवून राहिली का तू?"

वैष्णवी गोरीमोरी झाली, पण खोटं बोलली नाही. "तुमची न्हाई मामा. हिरोची."

"आन हिरो कोन हाय?"

ती हळूच म्हणाली, "मामा, सगळ्या पिच्चरमदी हिरोला भ्याव वाटत न्हाई, भूक लागत न्हाई, कुनाची गरज पडत न्हाई. तसला मानूस असतो का कुठं? मेलेल्यालाच काही लागत न्हाई. म्हनून मला हसू येतं. तुमाला तकलीफ झाली आसंल तर बंद करू. मोबाइलमधून पुसून टाकते."

व्यंकटरावांनी उपरणं झटकलं. रागावून निघून जाणं सोपं होतं, आणि नावाला शोभलंही असतं. पण उद्याचे चार वाजलेले त्यांना तिथूनच दिसले. चहा, कप, दार.

"पुसू नको," ते म्हणाले. "उद्या किती वाजता?"

"चारलाच."

माणसं रोज त्यांच्यावर हसत होती खरी, पण हसताना त्यांच्याकडे बघत होती. नुसतं उभं राहिल्यावर गप्प होणाऱ्या लोकांत आयुष्य गेलेल्या माणसाला ते नवीन होतं. तरी एक गोष्ट त्यांनी रोज पाळली. काम संपलं की टोळी तिथेच आंब्याखाली गोल करून जेवायला बसे. इतकी हळद अंगावर घेऊन कुणी घरात पाऊल टाकत नाही. शेतमालकाच्या घरून भाकरी यायच्या, त्या टोपलं घेऊन पार्वतीबाई स्वतः आणायच्या. पद्माबाई रोज हाक मारायची, "बसा फौजदार, भुताच्या पंगतीला." ते रोज म्हणायचे, "जेवलो मी." पार्वतीबाई टोपल्यातून मान वर करायच्या नाहीत. सगळं शेत पिवळं, माणसं पिवळी, आणि त्यातून एक पांढरा सदरा बांधावरून एकटा गावाकडे जायचा.

शेवटच्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. सगळं गाव भूत झालेलं आहे. जिवंत उरला आहे एकटा हिरो. तो आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, पत्र्याच्या खोलीत दार लावून बसला आहे. भुतं दार वाजवतात. हिरोने दार उघडायचं, काठी फिरवायची, "मी एकटाच पुरेसा हाय!" असं गरजायचं आणि उंबऱ्याला अडखळून भुतांच्या अंगावर पडायचं. संपला पिच्चर.

व्यंकटराव आत गेले. कडी लावली. खोलीत खताची रिकामी पोती, एक फवारणीचा पंप आणि पत्र्याची धग. प्रमोद खिडकीच्या गजांतून मोबाइल धरून होता. बाहेर भुतं जमत होती. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. कुणाच्या तरी सुनेचं डोहाळजेवण होतं, कुणाचं पोरगं नापास झालं होतं. पद्माबाई म्हणत होती, "आज पिठलं हाय म्हनं. पार्वतीबाईनं हिरव्या मिरच्या लई घातल्या, वास येऊन राहिला इथवर." सगळे हसले. मग वैष्णवीचा आवाज आला, "चला, वाजवा दार!"

दार वाजलं. वीस हातांनी एकदम वाजलं. पत्रा थरथरला.

व्यंकटराव काठी धरून उभे होते. आपलं दार ह्याच्याआधी कधी वाजलं होतं, ते आठवेना. साप निघाला की लोक रस्त्यातूनच हाक मारतात. विजयकुमार फोन करतो. दार कोण वाजवतं?

बाहेरून पद्माबाई ओरडली, "उघडा की फौजदार! मेले का आतच?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. कडी काढली. दारात पिवळी माणसं हात पुढे करून उभी होती. आता आरोळी यायची, म्हणून पुढची दोन भुतं आधीच ओठ दाबून हसत होती.

"या," व्यंकटराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "आत या. न्हाई तर मला तरी घ्या तुमच्यात. एकट्यानं जित्तं राहून मी करू काय?"

ढोल बंद होता. लांब रस्त्यावरून वसमतची एसटी गेली, तिचा आवाज ऐकू आला.

मग पद्माबाई पुढे झाली. त्यांचा हात धरला, सदऱ्याची बाही वर सरकवली आणि आपल्या बोळक्याने मनगटाला चावली. "झालं," ती म्हणाली. "आता हे बी आपले." आणि दोन्ही पिवळे पंजे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीवर, छापासारखे उमटवले. हसण्याचा असा फवारा उडाला की खिडकीबाहेर प्रमोदचा हात हलला.

"हललं!" तो ओरडला. "वैष्णवी, परत घ्यायचं का? डायलॉग पन चुकला मामाचा."

"न्हाई," वैष्णवी म्हणाली. ती हसत नव्हती. "परत न्हाई घ्यायचं."

त्या दिवशी व्यंकटराव पंगतीला बसले. पद्माबाईने हातावर भाकरी ठेवली, तिच्यावर पिठलं. पिठलं खरंच जहाल होतं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मिरचीच्या नावावर खपून गेलं. पार्वतीबाई टोपलं घेऊन गोलातून फिरत होत्या. त्यांच्यासमोर आल्या तेव्हा थांबल्या.

"आनिक देऊ का, भाऊ?"

"द्या," ते म्हणाले.

जेवणं झाली, अंधारायच्या आत टोळी टेम्पोत बसून गेली. वैष्णवी आणि प्रमोद मोबाइलमध्ये डोकं घालून निघून गेले. व्यंकटराव घरी आले. आरशात छातीवर दोन पिवळे पंजे दिसत होते. सदरा काढावा असं त्यांना वाटलं नाही. फडताळ उघडून त्यांनी डबा काढला, फडक्याने पुसला. आत घालायला काही आहे का, म्हणून नजर फिरवली. साखर होती. चहापुरती. तिच्याकडे त्यांचा हात गेला आणि मागे आला.

परसात आले. कमरेएवढी भिंत. तिच्या शेवटाला बायकांच्या येण्याजाण्याची फट आहे. सुमनबाई तिथूनच जायच्या. व्यंकटराव अंग चोरून त्या फटीतून गेले आणि पार्वतीबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा. बाप्याने ह्या दारात कुठे बघायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पायांकडे बघितलं.

"रिकामाच हाय," ते म्हणाले आणि डबा पुढे केला.

पार्वतीबाई चुलीपाशी होत्या. उठल्या, पदराला हात पुसले, डबा घेतला. झाकणावरून अंगठा फिरवला, जिथे पोरीचं नाव होतं.

"मी समजले, दुःखाच्या गडबडीत हरवला आसंल कुठं."

"न्हाई. होता. घालायला काही नव्हतं."

"म्हनून तीन वर्सं?"

"म्हनून तीन वर्सं."

पार्वतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मिशा, सदऱ्यावरचे पंजे, उघडं डोकं. मग वळल्या. पातेल्याचं झाकण काढलं, डब्यात कढी ओतली, काठोकाठ, आणि झाकण लावून तो त्यांच्या हातात परत दिला. गरम होता. उपरण्यात धरावा लागला.

"उद्या आना," त्या म्हणाल्या. "आन रिकामाच आना. काही शोधत बसू नका."

व्यंकटराव फटीतून परत आले. कढी थोडी थोडी हिंदकळत होती, म्हणून हळू चालावं लागलं. घरात कुणी नव्हतं. ट्यूबलाइटमागे पाल होती. तिच्याकडे पाठ करून ते कढी प्यायले, डबा राख लावून घासला, पुसला आणि फडताळात न ठेवता परसदाराच्या उंबऱ्याजवळ पालथा घातला. मग बराच वेळ तिथेच बसून राहिले. पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते. ते संपले, दिवा गेला. उद्याला अजून खूप वेळ होता.